गोलकीपरची वीस मिनिटं

मला फुटबॉल कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात वाढलेल्या माझ्या पिढीच्या माणसाला क्रिकेट कळतं, आणि क्रिकेट कळत नसलं तरी त्यावर मत असतंच. फुटबॉल आम्ही शाळेच्या मैदानावर टेनिसच्या चेंडूने खेळायचो, आणि वर्गातल्या सगळ्यात भित्र्या मुलाला गोलात उभं करायचो. तो बहुतेक वेळा मीच असायचो.

तरीही लीड्सपासून अर्ध्या तासावरच्या एका छोट्या गावातल्या क्लबाच्या बाकावर मी नऊ वर्षं बसलो. आमच्या जीपी प्रॅक्टिसमधले सीनिअर पार्टनर तिथे मॅचच्या दिवशी डॉक्टर म्हणून जायचे. ते रिटायर झाले आणि त्यांनी एक लांब कोट, एक चामड्याची बॅग आणि बाकावरची ती जागा माझ्या गळ्यात मारली. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणता न येणं हा माझा जन्माचा रोग आहे. आई म्हणायची, भीड भिकेची बहीण. मी हसण्यावारी न्यायचो. बायकोला मात्र आनंदच झाला. शनिवारी दुपारी घरात बसून मी काही दिवे लावत नव्हतो, हे तिचं म्हणणं खरं होतं.

काम सोपं होतं. बाकाच्या टोकाला बसायचं, कोणी पडला आणि रेफरीने हात केला की धावायचं. बहुतेक वेळा फिजिओच गार पाण्याचा स्पंज घेऊन माझ्यापुढे पळायचा, आणि त्या स्पंजाने यॉर्कशरमधली सगळी दुखणी बरी व्हायची. त्या बाकावर बसलेला मी पहिला सावळा माणूस. पहिल्या दोन-तीन मॅचला मागून काही शेरे आले. मग त्यांना माझी सवय झाली. मग चहाच्या खिडकीतली बाई न विचारता माझ्या चहात दोन चमचे साखर घालू लागली. लोक चांगले वागले, आणि त्या चांगुलपणाला कुठे धक्का लागू नये म्हणून मी फार जपून वागू लागलो.

माझ्या तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एक डच गोलकीपर आला. घरी आम्ही त्याचा उल्लेख 'आमचा डच' असाच करायचो, इथेही तसंच म्हणतो. रॉटरडॅमहून हल बंदराला येणाऱ्या बोटीने तो आला होता, एक जुनी गाडी आणि एक बॅग घेऊन. त्याच्या वडिलांचा काचघरात टोमॅटो पिकवायचा धंदा. गावभर काचघरं. त्यामुळे, तो म्हणायचा, आमच्या गावात चेंडू मारणाऱ्या पोरांना शिव्या मिळायच्या आणि अडवणाऱ्याला बिस्किटं. अठराव्या वर्षी त्याला एका मोठ्या क्लबाने घेतलं. तिथे तो चार वर्षं तिसरा गोलकीपर होता. तिसऱ्या गोलकीपरचं काम काय, तर पहिल्या दोघांचा सराव करून घ्यायचा आणि ते आजारी पडायची वाट बघायची. दोघेही दगडासारखे ठणठणीत होते. चार वर्षांत याला एकही मॅच मिळाली नाही. पुढे काही वर्षं खालच्या डिव्हिजनमध्ये काढून तो आमच्याकडे आला, तेव्हा तिशीला टेकला होता.

आमच्या लोकांना तो सुरुवातीला मुळीच आवडला नाही. गोलकीपरने आपल्याच माणसाकडून आलेला पास हातात घ्यायचा नाही, हा नियम तेव्हा नवा होता आणि इंग्लिश गोलकीपरांची तारांबळ उडत होती. आमचा डच मात्र चेंडू शांतपणे पायाखाली घेऊन, मान वर करून, कोणाला द्यावा असा विचार करत उभा राहायचा. समोरून राक्षसासारखा फॉरवर्ड धावत येतोय, आणि हा विचार करतोय! प्रेक्षक ओरडायचे, "अरे लाथ मार!" तो मारायचा नाही. दुसऱ्या वर्षी तेच लोक तो विचार करत असला की टाळ्या वाजवू लागले. त्याच वर्षी त्याने गावातल्याच एका मुलीशी लग्न केलं. शाळेत शिकवायची, कडक तोंडाची आणि मऊ मनाची.

त्याची एक रीत मला आवडायची. प्रत्येक हाफच्या आधी तो गोलाच्या दोन्ही खांबांना हात लावायचा, मग मधोमध उभा राहून टाचेने गवतात पुढच्या दिशेने एक रेघ ओढायचा. मागे न बघता आपण कुठे उभे आहोत ते कळावं म्हणून. मी विचारलं तर म्हणाला, "डॉक, गोल माझ्या पाठीमागे असतो. मला तो कधी दिसतच नाही."

आता त्या दिवसाचं सांगतो. इतकी वर्षं टाळलं, आता सत्तरी जवळ आली.

सीझनची शेवटची मॅच होती, आमच्याच मैदानावर. हरलो तर खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, आणि गेलो तर क्लब टिकणार नाही असं सगळे म्हणत होते. आम्ही एका गोलने पुढे होतो. वीसेक मिनिटं उरली असताना एक उंच चेंडू आला आणि आमचा डच आणि त्यांचा फॉरवर्ड दोघेही त्यावर झेपावले. फॉरवर्डचा गुडघा याच्या कानशिलावर बसला. तो आवाज बाकापर्यंत आला. चेंडू त्याने सोडला नाही, चेंडूसकट तो खाली पडला आणि हलला नाही.

रेफरीने हात केला. मी धावलो. पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. दोन्ही बाहुल्या एकाच आकाराच्या, मान हलतेय, हातपाय हलताहेत. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला विचारायचे चार-पाच प्रश्न ठरलेले असतात. आपण कुठे आहोत? त्याने मैदानाचं नाव सांगितलं. कितवा हाफ? दुसरा. स्कोअर? एक-शून्य. माझ्या खांद्यावरून त्याला स्कोअरबोर्ड दिसत होता, हे मला नंतर सुचलं. मग मी विचारलं, गेल्या शनिवारी आपण कोणाशी खेळलो?

याचं उत्तर त्याने डचमध्ये दिलं. चांगली दोन लांब वाक्यं. शांतपणे, घरातल्या माणसाशी बोलावं तसं, माझ्या तोंडाकडे बघत. मला डच येत नाही. ते उत्तर होतं की त्यानेच मला काही विचारलं होतं, हेही मला कळलं नाही.

कुठल्याही इंग्लिश डॉक्टरने त्या क्षणी त्याला बाहेर काढलं असतं. माणूस कोणाशी बोलतोय, कुठल्या भाषेत बोलतोय याचं भान सुटलं, तर आणखी काय बघायचं राहिलं? मी काढलं नाही, आणि त्याचं कारण सांगायला लाज वाटते. मी नाडी अजून मराठीत मोजतो. पस्तीस वर्षं इंग्रज पेशंटांची मनगटं धरून मी मनात एक, दोन, तीन म्हणत आलो. बोट चेपलं तर 'आई गं' म्हणतो, वैताग आला तर पुणेरी शिव्या देतो. तेव्हा हा डचमध्ये बोलला तर मला वाटलं, बरोबरच आहे, लागलंय तर आपलीच भाषा येणार तोंडात. या परक्या मैदानावर आम्ही दोघे एकाच जातीचे, असं काहीतरी मनात येऊन गेलं. त्या गवतावर गुडघे टेकून मी चक्क जिव्हाळ्याने हसलो त्याच्याकडे पाहून.

हे झालं मी स्वतःला दिलेलं कारण. त्याच्या खाली दुसरं होतंच. मी वळून बाकाकडे बघितलं. मॅनेजर दोन्ही हात पसरून उभा होता. बाकावर दुसरा गोलकीपर नव्हता, त्या काळी छोट्या क्लबांना तो परवडत नसे. याला बाहेर काढलं असतं तर एखादा बचावपटू हातमोजे घालून उभा राहिला असता आणि क्लब बुडाला असता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. इतकी वर्षं ज्यांनी मला चांगलं वागवलं ते सगळे. मी अंगठा वर केला आणि टाळ्या पडल्या.

पुढच्या वीस मिनिटांत त्याने जे केलं त्याच्या गोष्टी त्या गावात अजून सांगतात. तीन सेव्ह, म्हणजे तीन गोल अडवले, त्यातला शेवटचा तर आडव्या खांबाखालून वर ढकललेला. त्याचा फोटो क्लबाच्या बारमध्ये आहे, त्याच्या घरी हॉलमध्ये रेडिएटरच्या वर आहे. आम्ही वाचलो. लोक मैदानात घुसले, त्याला खांद्यावर घेतलं. मी बॅग आवरली आणि सरळ घरी आलो. बायकोने विचारलं, "जिंकलात का?" मी म्हटलं, "हो." त्या रात्री मी जेवलो नाही, पोट बिघडलंय म्हणालो.

मंगळवारी तो मला भेटायला सर्जरीत, म्हणजे आमच्या दवाखान्यात आला. अपॉइंटमेंट घेऊन, पेशंटांच्या रांगेत बसून. आत आल्यावर दार लावलं आणि म्हणाला, "डॉक, मला शनिवारचं काही आठवत नाही. सकाळी अंडी खाल्ली ते आठवतं, मग एकदम रविवार. सगळे मला सेव्ह सांगताहेत आणि मी हो हो म्हणतोय. तू कोणाला सांगू नकोस." सांगितलं असतं तर डोक्याची दुखापत नोंदली गेली असती, आणि त्याचा नवा करार व्हायचा होता. मी म्हणालो, नाही सांगणार. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याला वाटलं मी त्याचं गुपित सांभाळतोय. मी माझं सांभाळत होतो.

तिथून आमची मैत्री सुरू झाली. खरी मैत्री, मी नाटक करत नव्हतो. दोन्ही घरं एकमेकांकडे जाऊ-येऊ लागली. तो माझ्या बायकोच्या हातची साबुदाण्याची खिचडी मागून घ्यायचा. पण त्यांच्या घरी मी हॉलमध्ये कोट काढताना कायम भिंतीकडे पाठ करायचो. तोही त्या फोटोकडे बघायचा नाही. एकदाच म्हणाला, "हा माणूस चांगला कीपर होता."

पुढच्या हिवाळ्यात त्याला पुन्हा लागलं, या वेळी साध्या धक्क्याने, आणि या वेळी मी त्याला बाहेर काढलं. मग डोकेदुखी, मग उजेड सहन न होणं, मग दोन-दोन आठवडे अंधाऱ्या खोलीत. तेहेतिसाव्या वर्षी करिअर संपलं. काही वर्षं त्याने गोलकीपरांना शिकवलं, मग बांधकामाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला. प्लास्टरच्या गोण्या आणि खिळे विकताना लोक त्याला त्या मॅचबद्दल विचारायचे आणि तो इतरांकडून ऐकलेलं सांगायचा. साठीच्या आतच विसरायला लागला. आधी शब्द, मग रस्ते. चार वर्षांपूर्वी निदान झालं.

त्या वीस मिनिटांमुळे हे झालं असं कोणी म्हणू शकत नाही. मी डॉक्टर आहे, मला ठाऊक आहे. लहानपणापासून किती चेंडू डोक्यावर आले असतील, किती खांबांवर तो आदळला असेल. कोणी कन्सल्टंट माझ्यावर बोट ठेवणार नाही. पण मला गेली कित्येक वर्षं एकच स्वप्न पडतं. मी गवतावर गुडघे टेकलेत, तो डचमध्ये बोलतोय, आणि मला सगळं समजतंय. काय बोलला ते जाग आल्यावर आठवत नाही. समजलं होतं एवढंच उरतं.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोचा फोन आला. म्हणाली, "त्याचं इंग्लिश जायला लागलंय. घरात डच बोलतो, मी पुस्तकातून शिकतेय, पण माझं डच ऐकून तो हसतो. आणि सारखं त्या मॅचबद्दल विचारतो. डॉक तिथे होता, डॉकला विचार, म्हणतो. त्या मॅचचा व्हिडिओ कुठेच नाही. तू येऊन सांगशील का त्याला? थोडं इंग्लिश आहे तोवर?"

मी हो म्हणालो. फोन ठेवला. त्याला सेव्ह सांगायचे असतील तर तेवढंच सांगता येणार नव्हतं मला. मला सांगायचं होतं की मी चुकलो, आणि ते त्याला समजेल अशी भाषा आता काही महिन्यांचीच सोबतीण होती.

बायकोला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती. बराच वेळ तोच डाव पुसत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही त्याला सॉरी म्हणायला जाताय की स्वतःला रिलीफ हवाय म्हणून? बिचारा ऑलरेडी कन्फ्यूज्ड आहे. त्याच्या डोक्यावर आणखी कशाला?"

"मग गप्प बसू?"

"इतकी वर्षं बसलातच की," ती म्हणाली आणि डाव ड्रॉवरमध्ये ठेवला. ते मला लागलं, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती.

दर गुरुवारी दुपारी मी जायला लागलो. पहिल्या गुरुवारी आम्ही चहा प्यालो आणि त्याने मला दोनदा विचारलं की मी कुठून आलो. दुसऱ्या गुरुवारी तो झोपला होता, मी त्याच्याशेजारी तासभर बसून परत आलो. खरं तर मला बरंच वाटलं. तिसऱ्या गुरुवारी तो खिडकीपाशी ताठ बसला होता, दाढी केलेली, डोळे लखलखीत. मला बघून म्हणाला, "डॉक. मॅच."

त्याची बायको आम्हाला सोडून बागेत कपडे वाळत घालायला गेली. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. मनात ठरवून आलो होतो की आधी माफी, मग मॅच. तोंड उघडलं आणि मॅचच आली. म्हटलं, आधी त्याला हवं ते देऊ, मग आपलं बोलू. माझी जुनी खोड.

मी सांगत गेलो आणि माझं मलाच नवल वाटलं, इतकं सगळं शाबूत होतं. पहिला सेव्ह उजवीकडे खाली. दुसरा पायाने, अगदी जवळून, चेंडू त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला. तिसरा तो फोटोतला. तो डोळे मिटून ऐकत होता आणि त्याची वाकडी बोटं मांडीवर हलत होती, खाली, वर. चेहऱ्यावर असं सुख होतं की मला रडू येईल असं वाटलं. थांबलो तर म्हणाला, "आणखी."

आणखी काय सांगू? मला जे आठवत होतं ते सांगू लागलो. "त्यांनी कॉर्नर घेतला, आमच्या लोकांनी चेंडू काढला आणि सगळे पलीकडच्या गोलाकडे धावले. तेव्हा तू टाचेने रेघ ओढलीस. मग थोडा बाजूला जाऊन दुसरी ओढलीस. मग तिसरी, अगदी खांबाजवळ. मग तू मागे वळून गोलाकडे बघितलंस. तू कधी वळून बघायचा नाहीस. मग खांबाआड वाकून उलटी केलीस आणि हातमोज्याने तोंड पुसलंस. मागे फोटोग्राफर बसला होता, त्याला काहीतरी विचारलंस, त्याने मान हलवली. मग तू पाण्याची बाटली उचललीस आणि ती बघतच राहिलास, उघडायची कशी ते सुचत नसल्यासारखा..."

त्याची बोटं थांबली होती. डोळे उघडे होते.

"चेंडू?" तो म्हणाला.

"काय?"

"चेंडू कुठे?"

"पलीकडे. त्यांच्या गोलापाशी."

तो शब्द शोधत होता. एकेक हाताने उचलून ठेवावा तसा बोलला. "चेंडू तिकडे. सगळे तिकडे बघतात. कीपरला कोणी बघत नाही. कोणीच नाही." मग वाकडं बोट माझ्याकडे केलं. "तू बघतोस. का?"

बाहेर त्याची बायको चादर झटकत होती. मला अजूनही खोटं बोलता आलं असतं. तुझ्यावर प्रेम होतं म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि ते अगदीच खोटं नसतं.

"मला भीती वाटत होती," मी म्हणालो. "तू बरा नव्हतास. मला कळलं होतं. मी तुला बाहेर काढायला हवं होतं, आणि काढलं नाही. मी लोकांना भ्यालो. माझं चुकलं. मला माफ कर."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला समजलं की नाही अशी शंका घ्यायला जागाच नव्हती. गेल्या वर्षभरात तो इतका पुरेपूर जागा मी पाहिला नव्हता.

"किती वेळ?"

"वीस मिनिटं."

"वीस मिनिटं खूप असतात, डॉक," तो म्हणाला. आणि त्याने हळूहळू खुर्ची खिडकीकडे फिरवली. मी तिथे आणखी दहा मिनिटं बसलो असेन. तो एकदाही वळला नाही. त्याची बायको रिकामी बास्केट घेऊन आत आली, तेव्हा मी म्हटलं की तो दमलाय, मी निघतो.

पुढचा आठवडाभर मी स्वतःची समजूत घातली. सांगून टाकलं, तेही वेळेवर. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटते लिहायला, मला हेही ठाऊक होतं की तो विसरेल. सकाळचं जेवण त्याला संध्याकाळी आठवत नव्हतं. मी त्याच्या समोर बसेन आणि तो म्हणेल, डॉक, मॅच. मी पुन्हा सांगेन, या वेळी फक्त सेव्ह.

गुरुवारी मी बेल वाजवली. तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही. दार अर्धवट धरूनच म्हणाली, "आज नको येऊस आत. काय झालंय मला कळत नाही. तू गेल्यावर त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मॅचचं विचारलं तर म्हणे कुठली मॅच. पण तुझं नाव काढलं की नको म्हणतो. आज सकाळी तू येणार म्हटल्यावर रडायलाच लागला. का, विचारलं तर सांगता येत नाही त्याला." तिचे डोळे लाल होते. "तुझ्यावर एवढा जीव त्याचा. तुला काही कल्पना आहे का, असं का करतोय?"

या वेळी वळून बघायला मागे बाक नव्हता. "हो," मी म्हणालो, "आहे."

आणि पायरीवर उभं राहून तिला सांगितलं. चार प्रश्न, डचमधली दोन वाक्यं, अंगठा, टाचेच्या रेघा, बाटली. रस्त्यावर कौन्सिलची कचऱ्याची गाडी येऊन गेली, तेवढा वेळ थांबलो, मग पुढचं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, किंवा दार लावेल. तिने तसं काही केलं नाही. ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती, काहीतरी जुळवत असल्यासारखी.

"मॅच संपल्यावर मी खाली आले होते," ती म्हणाली. "ड्रेसिंग रूमच्या बाहेर, जिन्यात. तू वर येत होतास. मी तुला थांबवून विचारलं होतं, तो ठीक आहे ना? तू काय म्हणालास, आठवतं?"

मी म्हटलं, "मी सरळ घरी गेलो होतो."

"तू म्हणालास, हो, ठीक आहे, पण आज त्याला गाडी चालवू देऊ नकोस, तूच चालव." तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. "मला वाटलं, दमलाय म्हणून सांगतोय. किती काळजी करतो हा डॉक्टर, असं घरी आईला सांगितलंही मी."

मी आठवायचा प्रयत्न केला. तिथे तिच्यासमोर उभा राहून, आणि त्यानंतर रोज करतोय. जिना आठवतो. त्याचा गंजलेला कठडा आठवतो, माझ्या हातातली बॅग आठवते. त्या वीस मिनिटांचा क्षण न् क्षण मी तीस वर्षं काढून काढून पाहिला आहे. त्या जिन्यात ती मला कुठेच सापडत नाही.